गाडीची बॅटरी घरी बदलताना: आधी मोजणी, मग पाना

रत्नागिरीहून एका गृहस्थांनी विचारले आहे की, त्यांच्या लहान पेट्रोल गाडीची बॅटरी चार वर्षे जुनी आहे, गेल्या आठवड्यापासून सकाळी किल्ली फिरवली की सेल्फ फिरत नाही, नुसता ‘टक-टक’ आवाज येतो आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद होतात. बॅटरी घरच्या घरी बदलता येईल का, आधी कोणते टर्मिनल सोडायचे, आणि ३५ अँपिअर-अवरच्या (हे बॅटरीच्या क्षमतेचे माप) जागी ४५ची घातली तर चालेल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मी अमरावतीत सत्तावीस वर्षे वाहनांच्या इलेक्ट्रिकचे काम करतो. तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुढे देतो, मात्र त्यांनी न विचारलेला चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. तो प्रश्न असा की, बॅटरी खरोखरच गेली आहे का?

‘टक-टक’ आवाजाचा अर्थ इतकाच की सेल्फला पुरेसा विद्युतप्रवाह पोहोचत नाही. तो बॅटरीत नसेल म्हणून पोहोचत नसेल, किंवा बॅटरीत असूनही वाटेत अडत असेल. आपण समुद्रकाठी राहता, आणि तिकडच्या खाऱ्या दमट हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी फार लवकर साचते. ही भुकटी बाहेरून दिसते तेवढ्यावर भागत नाही, कारण तिचाच एक पातळ काळपट थर बॅटरीचा शिशाचा खुंट आणि त्याला पकडणारा क्लॅम्प यांच्या मधोमध बसतो. हेडलाइटला लागणारे आठ-दहा अँपिअर त्या थरातून सहज जातात, म्हणून दिवे लागतात, हॉर्न वाजतो आणि मालकाला वाटते की जोडणी ठीक आहे. सेल्फला मात्र शंभराहून अधिक अँपिअर लागतात आणि तिथे तो थर आडवा येतो. अशा कितीतरी गाड्या माझ्याकडे ‘नवी बॅटरी बसवा’ असे सांगत आल्या आणि क्लॅम्प घासून जुन्याच बॅटरीवर परत गेल्या.

हे ओळखण्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहू द्यावी, कारण नुकत्याच थांबलेल्या गाडीची बॅटरी तात्पुरते जास्त व्होल्ट दाखवते. सकाळी दार उघडण्यापूर्वी बॉनेट उघडता आले तर उत्तम, नाहीतर दार लावून घेऊन थोडा वेळ थांबावे. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून त्याच्या सुया थेट शिशाच्या खुंटांवर टेकवाव्यात, क्लॅम्पवर नव्हे. १२.६ किंवा जास्त दिसले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२च्या खाली आकडा गेला तर ती जवळजवळ रिकामी आहे. १०.५च्या आसपास आकडा अडकून राहिला आणि चार्ज करूनही वर येत नसेल, तर सहापैकी एक खाना आतून शॉर्ट झाला आहे असे समजावे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सुमारे २.१ व्होल्टचे सहा खाने ओळीने जोडलेले असतात, त्यातला एक गेला की नेमके तेवढेच व्होल्ट कमी होतात.

आता घरातल्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे आणि त्या तीन-चार सेकंदांत मीटरकडे पाहावे. भरलेली, धडधाकट बॅटरी सेल्फ फिरताना दहाच्या वर किंवा निदान आसपास राहते. १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ९.६च्या खाली जाऊ लागली, तर ती थकली आहे. तिच्यात व्होल्ट आहेत, ताकद नाही. याउलट खुंटांवर ११-१२ टिकून राहिले आणि तरीही सेल्फ फिरला नाही, तर दोष बॅटरीत नाही. अशा वेळी मीटरची एक सुई शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्याच खुंटाच्या क्लॅम्पवर ठेवून पुन्हा सेल्फ मारायला सांगावे. एकमेकांना चिकटलेल्या या दोन धातूंमध्ये फरक शून्याच्या जवळ असला पाहिजे. तिथे अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला, तर आपला चोर सापडला. मग खर्च फक्त पॉलिश पेपरचा.

काही बॅटऱ्यांच्या झाकणावर हिरवा ठिपका दाखवणारी काचेची खिडकी असते. ती फक्त एकाच खान्याचे ॲसिड दाखवते, बाकीच्या पाच खान्यांची अवस्था तिला कळत नाही. ठिपका हिरवा आहे म्हणून बॅटरी चांगली, असा निष्कर्ष काढू नये.

बॅटरीच गेली आहे असे ठरले, तर चार वर्षे हे तिचे वाईट आयुष्य नव्हे. थंडीत गाडी सुरू होत नाही म्हणून लोक थंडीला दोष देतात, पण बॅटरीचे खरे नुकसान उन्हाळा करतो. तापमान वाढले की आतल्या जाळ्या गंजण्याचा वेग वाढतो आणि पाणी उडून जाते. आमच्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त, आणि मेमध्ये पोखरलेली बॅटरी डिसेंबरातल्या पहिल्या गार सकाळी हात वर करते. कोकणात उष्णता कमी, पण तिथे गंज आहे आणि पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाड्या आहेत.

पुढचा मुद्दा योग्य बॅटरी निवडण्याचा. आपल्या बॅटरीवर ‘३८बी२०एल’ असे काहीतरी छापलेले असेल. ही जपानी पद्धतीची खूण आहे. पहिला आकडा क्षमतेचा दर्जा सांगतो, ‘बी’ हे अक्षर रुंदी आणि उंचीचा वर्ग सांगते, २० म्हणजे सेंटिमीटरमध्ये अंदाजे लांबी, आणि शेवटचे ‘एल’ किंवा ‘आर’ म्हणजे धन-ऋण खुंट कोणत्या बाजूला आहेत याची खूण. या शेवटच्या अक्षराकडे दुर्लक्ष झाले की नवी बॅटरी ट्रेमध्ये नीट बसते, पण केबल आखूड पडते, आणि मग ती ओढूनताणून जोडण्याचा मोह होतो. दुकानात जाण्यापूर्वी जुन्या बॅटरीचा वरून एक फोटो काढून न्यावा. गाडीचे पुढचे टोक फोटोत कोणत्या बाजूला आहे तेही त्यात दिसावे.

३५च्या जागी ४५ अँपिअर-अवरची घालावी का? अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रावर, जादा ताण येऊन तो जळेल, ही भीती निराधार आहे. अल्टरनेटर ठरावीक व्होल्ट देतो आणि बॅटरी आपल्याला हवा तेवढाच प्रवाह घेते. अडचण वेगळीच आहे. ४५ची बॅटरी बहुधा बी२४ आकाराची, म्हणजे आपल्या बॅटरीपेक्षा सुमारे चार सेंटिमीटरने जास्त लांब असते. ती आपल्या ट्रेवर पुरती टेकली नाही आणि वरची पट्टी तिला नीट आवळू शकली नाही, तर खड्ड्यांच्या रस्त्यावर ती हादरत राहते, प्लेटांवरचा मसाला झडतो आणि मोठी बॅटरी लहानीपेक्षा आधी मरते. शिवाय बॅटरीची उंची जास्त झाल्यास धन खुंट बॉनेटच्या पत्र्याला टेकण्याचा धोका असतो. कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकारात मोठी बॅटरी दिली असेल आणि ट्रे तोच असेल, तर खुशाल घालावी. अन्यथा मूळ मापाचीच घ्यावी. गाडी सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणारी असेल, तर तिला ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच, म्हणजे वारंवार सेल्फ मारणे सोसणारी, बॅटरी लागते. तिथे साधी स्वस्त बॅटरी घालणे म्हणजे वर्षभरात पुन्हा खर्च करणे.

विकत घेताना दुकानदाराला निर्मितीची तारीख दाखवायला सांगावी आणि मीटर लावून १२.५ च्या वर आकडा आहे ना ते आपल्या डोळ्यांनी पाहावे. सहा महिन्यांहून अधिक काळ रॅकवर पडून असलेली बॅटरी मी घेत नाही. वॉरंटीत ‘फ्री’ महिने किती आणि ‘प्रो-राटा’ महिने किती, हे वेगवेगळे विचारावे, कारण दुसऱ्या काळात नवी बॅटरी फुकट मिळत नाही, किमतीत फक्त सूट मिळते. कार्डावर शिक्का, तारीख आणि बॅटरीचा क्रमांक लिहून घेतल्याशिवाय दुकानातून निघू नये.

आता प्रत्यक्ष काम. साहित्य फार लागत नाही: दहा नंबरचा पाना (काही गाड्यांना बाराचाही), पॉलिश पेपर किंवा वायरब्रश, खाण्याचा सोडा, पाणी, पेट्रोलियम जेली, रबरी हातमोजे आणि चष्मा. गाडी सपाट, मोकळ्या हवेच्या जागी लावून हँडब्रेक ओढावा. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते आणि हवेत तो चार टक्के जरी मिसळला तरी ठिणगीने पेट घेतो, त्यामुळे बिडी, सिगारेट, उदबत्ती यांपैकी काहीही जवळ नसावे. किल्ली काढून खिशात ठेवावी आणि एक काच खाली करून ठेवावी. बॅटरी सुटल्यावर सेंट्रल लॉक लागून किल्ली आत अडकल्याचे प्रसंग मी अनेकदा निस्तरले आहेत. त्यानंतर दहा मिनिटे थांबावे, म्हणजे गाडीतले सगळे कंट्रोल युनिट शांत होतात. हातातली अंगठी, कडे, स्टीलच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. गळ्यातली लांब साखळी किंवा मंगळसूत्र काढून ठेवावे किंवा कपड्याच्या आत नीट खोचून घ्यावे.

आधी नेहमी ऋण टर्मिनल सोडायचे, म्हणजे काळी केबल, वजा खूण असलेली. यामागचे कारण समजून घेतले की क्रम कधीच विसरला जात नाही. गाडीचा संपूर्ण पत्रा, इंजिन, चॅसी, हे सगळे ऋण टोकाला जोडलेले असते. ऋण सोडताना पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही, कारण दोन्ही एकच. पण ऋण जोडलेले असताना धन सोडायला गेलात आणि पान्याचे दुसरे टोक पत्र्याला टेकले, तर शेकडो अँपिअर त्या पान्यातून वाहतात.

मी शिकाऊ असताना माझ्या हातून हे घडले आहे. उस्तादांनी क्रम सांगितला होता, पण धनचा नट वरच्या बाजूला होता, हाताला सोपा होता, म्हणून मी तोच आधी धरला. पान्याची मागची बाजू बॉनेटच्या आधारदांडीला लागली. आधी कडाड आवाज झाला, मग निळसर प्रकाश, आणि पाना जागीच चिकटला. मी हात काढून घेतला तोपर्यंत पान्याचे टोक तांबडे दिसू लागले होते. उस्तादांनी लाकडी दांडक्याने तो पाना झटकून पाडला. बॅटरी फुटली नाही हे नशीब. पान्यात त्या ठिकाणी वाटाण्याएवढा खड्डा पडला होता. तो पाना मी आजही ठेवला आहे, आणि दुकानात काम शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात पहिल्या दिवशी देतो. अंगठीच्या बाबतीत हेच झाले असते तर काय, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

ऋणचा नट सैल करून क्लॅम्प हलक्या हाताने फिरवत वर घ्यावा. तो अडकला असेल तर स्क्रू-ड्रायव्हरने क्लॅम्पचा जबडा किंचित फाकवावा, पण खुंटावर हातोडी कधीही मारू नये. खुंट आतल्या प्लेटांशी जोडलेला असतो आणि एका ठोक्यात तो जोड तडकू शकतो. सुटलेली काळी केबल कापडात गुंडाळून बाजूला बांधून ठेवावी, म्हणजे ती परत उडी मारून खुंटावर बसणार नाही. काही नव्या गाड्यांत ऋण क्लॅम्पवरच काडेपेटीएवढा सेन्सर असतो. त्याला पीळ देऊ नये आणि त्याची पिन आधी काढावी. त्यानंतर लाल केबल सोडावी, मग बॅटरी धरून ठेवणारी पट्टी. बॅटरी नऊ-दहा किलोची असते. वाकून, हात लांब करून न उचलता गाडीच्या जवळ उभे राहून सरळ वर उचलावी आणि आडवी होऊ देऊ नये.

रिकामा ट्रे नीट पाहावा. पत्रा ॲसिडने खाल्लेला असेल तर एक पेला गरम पाण्यात दोन चमचे सोडा विरघळवून तिथे आणि दोन्ही क्लॅम्पवर ओतावा. जिथे ॲसिड आहे तिथे फसफस होईल; ती थांबेपर्यंत ओतत राहावे आणि मग साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये, म्हणून हे काम बॅटरी बाहेर काढल्यावरच करावे. क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत दिसू लागला की पुरे. ॲसिडचा थेंब हाताला लागला तर भरपूर पाण्याने धुवावा. डोळ्यात गेला तर किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरावा आणि थेट डॉक्टर गाठावा. सुती कपड्यावर पडलेला थेंब त्या वेळी दिसतसुद्धा नाही, पुढच्या धुण्यात तिथे भोक पडलेले सापडते. जुने कपडे घालूनच कामाला बसावे.

नवी बॅटरी बसवताना क्रम उलटा होतो. आधी पट्टी आवळून बॅटरी पक्की करावी. हाताने हलवून पाहिल्यावर ती हलता कामा नये. मग लाल केबल धन खुंटावर, आणि सगळ्यांत शेवटी काळी केबल ऋण खुंटावर. धन खुंट ऋणपेक्षा किंचित जाड असतो, त्यामुळे उलटा क्लॅम्प सहसा नीट बसत नाही. तो बसत नसेल तर जोर न लावता खूण पुन्हा तपासावी. उलटी जोडणी क्षणभर जरी झाली तरी मुख्य फ्यूज आणि अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. शेवटच्या जोडणीला बारीक ठिणगी दिसते, कारण गाडीतले कंट्रोल युनिट त्या क्षणी प्रवाह ओढतात. त्याने घाबरू नये, क्लॅम्प एका दमात खाली दाबावा. नट इतपत आवळावा की क्लॅम्प हाताने फिरणार नाही. त्याहून जास्त आवळल्यास शिसे चेपते. पेट्रोलियम जेलीचा थर जोडणी झाल्यावर वरून द्यावा. रत्नागिरीत राहणाऱ्याने हे विसरू नये.

इथे एका जुन्या सवयीबद्दल कळकळीने सांगतो. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढायचे आणि गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर चांगला, अशी परीक्षा अजूनही काही मेकॅनिक करतात. डायनामोच्या काळातल्या गाड्यांत ती खपून जात असे. आजच्या गाडीत चालू अल्टरनेटरपुढून बॅटरी अचानक दूर झाली की व्होल्ट उसळतात आणि इंजिनचा कॉम्प्युटर जाऊ शकतो. त्याची किंमत कित्येक बॅटऱ्यांएवढी असते. कोणी आपल्या गाडीवर हे करू लागला तर स्पष्ट नाही म्हणावे. अल्टरनेटर तपासायला मीटरच पुरतो: इंजिन सुरू करून हेडलाइट लावावेत आणि खुंटांवर १३.८ ते १४.५च्या दरम्यान आकडा आहे का पाहावे. इंजिन चालू असूनही आकडा साडेबाराच्या आसपासच राहिला, तर बेल्ट किंवा अल्टरनेटरमध्ये दोष आहे आणि नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल.

बॅटरी बदलल्यावर घड्याळ शून्यावर येईल, रेडिओ कोड मागू शकेल (तो गाडीच्या कागदपत्रांत आधीच शोधून ठेवावा), काच एका दाबात वर जाणार नाही आणि पहिले काही किलोमीटर इंजिनचा आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या वेगाने फिरते तो) थोडा कमीजास्त होईल. काचेचे बटण वरच्या टोकाला दोन-तीन सेकंद दाबून धरल्यास बहुतेक गाड्यांत ती सोय परत येते. आयडल गाडी स्वतःच सुधारते. मेमरी जाऊ नये म्हणून बाहेरून बारा व्होल्ट जोडून ठेवणारे यंत्र मिळते, पण नवख्याने ते वापरू नये असे माझे मत आहे, कारण मग बॅटरी काढल्यावरही लाल केबलच्या टोकाशी वीज असते.

सगळ्याच गाड्यांचे काम घरी करावे असेही नाही. बीएमडब्ल्यू, आउडी यांसारख्या अनेक गाड्यांत नवी बॅटरी गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवावी लागते. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतही लहान बारा व्होल्टची बॅटरी असते, परंतु तिथे जवळून नारिंगी केबल जात असतील तर त्यांना हात लावू नये, त्यांत शेकडो व्होल्ट असतात.

जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यावी. तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग शिसे असतो, म्हणून तिचे पैसे बिलातून वजा होतात. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही. दारावरच्या भंगारवाल्याने पन्नास-शंभर रुपये जास्त दिले तरी देऊ नये. अनेक ठिकाणी ॲसिड गटारात ओतून शिसे उघड्यावर वितळवतात, आणि त्याची राख व धूर शेजारच्या वस्तीतल्या लहान मुलांच्या पोटात जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, मीटर पुन्हा लावावा. आकडा १२.५च्या आसपास असला तर काम झाले. रात्रीत तो १२.३च्या खाली घसरला असेल, तर बंद गाडीत कुठेतरी प्रवाह गळतो आहे. बंद गाडीने ५० मिलीअँपिअरपर्यंत प्रवाह घेणे चालते. त्या हिशेबाने ३५ अँपिअर-अवरची बॅटरी अर्धी व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, एका रात्रीत ती उतरत नाही. बाजारातून बसवलेला म्युझिक सिस्टीम, कॅमेरा किंवा डिकीतला न विझणारा दिवा हे नेहमीचे संशयित. यांपैकी एकेकाचा फ्यूज काढून रोज सकाळी आकडा लिहून ठेवावा. ज्या दिवशी घसरण थांबेल त्या दिवशी कोणता फ्यूज बाहेर होता, ते पाहावे.